परीक्षा संपेपर्यंत थांबू नका

व्यसनात सापडलेला महाविद्यालयीन विद्यार्थी उपचारासाठी बहुधा एकच मुहूर्त पाहत असतो, आणि तो मुहूर्त म्हणजे परीक्षा संपल्यानंतरचा. हिवाळी सत्र पार पडले की दाखवू, प्रॅक्टिकल आटोपले की जाऊ, उन्हाळ्याच्या सुटीत घरच्यांना सुगावा लागू न देता काहीतरी करू, असे म्हणता म्हणता सत्रामागून सत्र उलटते, विषय राहत जातात, आणि ज्या शिक्षणाला धक्का लागू नये म्हणून उपचार लांबणीवर टाकले ते शिक्षणच अखेर हातचे जाते. प्रस्तुत लेखाचा सारा रोख या फसलेल्या हिशेबावर आहे. उपचार घ्यायचे म्हणजे कॉलेज सोडायचे, वसतिगृह रिकामे करायचे आणि सहा महिने कुठेतरी कोंडून घ्यायचे, ही समजूत बहुतांश प्रकरणी निराधार असून, वेळीच पाऊल उचलणाऱ्या विद्यार्थ्याला हजेरीपटावरचे आपले नाव कायम राखून व्यसनातून बाहेर पडता येते; ते कसे, याचे दिग्दर्शन छत्रपती संभाजीनगरातल्या विद्यार्थ्याच्या परिस्थितीला धरून येथे करावयाचे आहे.

या शहरात ही समजूत इतकी घट्ट का रुजावी, हे उमगण्यासारखे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली येथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले, आणि १९५८ साली मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. तेव्हापासून बीड, जालना, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतली, ज्यांच्या घरात त्यापूर्वी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते अशी मुले या शहराच्या आश्रयाला येत राहिली. आजही औरंगपुऱ्यात, समर्थनगरात, विद्यापीठाच्या आसपास कॉट बेसिसवर राहणाऱ्या, महिन्याची खानावळ लावलेल्या आणि अभ्यासिकेत टेबल धरून बसणाऱ्या विद्यार्थ्यांत अशांची संख्या मोठी आहे. ज्याच्या फीसाठी बापाने भाव पडलेला असतानाही कापूस विकला, किंवा ज्याच्या आईबापांनी मुकादमाकडून उचल घेऊन कोयता हाती धरला, त्या मुलाला ‘मला व्यसन लागले आहे’ हे वाक्य घरी उच्चारणे म्हणजे साक्षात विश्वासघात वाटतो. त्याची लाज खोटी नसते. मात्र ती त्याला ज्या वाटेने नेते ती वाट खड्ड्याकडे जाते.

नशेला या भूमीत इतिहास आहे. निजामी अमदानीत शिंदी आणि दारू यांवरील अबकारी हा सरकारी खजिन्याचा एक भक्कम आधार होता. त्या काळची व्यसने उघडी होती, गावाला ठाऊक होती. आजच्या विद्यार्थ्याची व्यसने पुष्कळदा खिशात मावतात. झोपेच्या आणि चिंतेवरच्या ज्या गोळ्यांना रस्त्यावर ‘बटन’ म्हणतात त्या नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम जातीच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, गांजा, एमडी या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे मेफेड्रोन, आणि या सगळ्यांच्या आधी व सगळ्यांच्या जोडीला तंबाखू, गुटखा आणि दारू. २०२३ सालच्या ऑक्टोबरात महसूल गुप्तचर संचालनालयाने या शहरात व पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापे घालून कोकेन, केटामाइन, मेफेड्रोन यांचा मोठा साठा पकडला, तेव्हा वर्तमानपत्रांचे मथळे कोटींच्या आकड्यांनी भरून गेले. तथापि देशव्यापी पाहणीचे आकडे निराळीच गोष्ट सांगतात. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करवून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार दहा ते पंचाहत्तर वर्षे वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू घेतात, गांजा-भांग घेणारे २.८ टक्के आहेत, आणि दारूवर अवलंबून झालेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कसला ना कसला उपचार मिळतो. उरलेले सदतीस कुठे असतात? आपापल्या मुहूर्ताची वाट पाहत असतात, असेच म्हणावे लागेल. (महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यान्वये पंचविशीच्या आत कडक दारूचा परवाना मिळत नाही, म्हणजे पदवीचे बहुतेक सारे वर्ग कायद्याने कोरडे असावयास हवेत, वस्तुस्थिती वाचक जाणतातच.)

आपण व्यसनी झालो आहोत की नाही, हा प्रश्न विद्यार्थी स्वतःला फार कौशल्याने चुकवतो. मी रोज घेत नाही, मी उधारी करत नाही, माझा विषय अजून राहिलेला नाही, मित्रापेक्षा मी बरा, अशी प्रमाणे तो गोळा करतो. खरी परीक्षा परिमाणाची नाही. ठरवल्यापेक्षा अधिक घेतले जाते काय, सोडण्याचे ठरवून पुन्हा पुन्हा मोडले जाते काय, पूर्वीइतक्याने भागत नाही काय, न मिळाल्यास अंगाला कंप, घाम, चिडचिड, निद्रानाश जडतो काय, आणि पैशाविषयी वा वेळेविषयी खोटे बोलण्याची सवय लागली आहे काय, हे प्रश्न एकांतात विचारावेत. त्यांतल्या दोन-तीनांचे उत्तर होकारार्थी आले तर स्वतःशी हुज्जत न घालता वैद्यकीय सल्ला घ्यावा. तंबाखू-गुटख्याच्या बाबतीत आणखी एक साधी तपासणी आहे. आपलीच तीन बोटे उभी करून तोंडात घालून पाहावीत. ती सहज जात नसतील, तिखट लागताच आग होत असेल, तर घाटी रुग्णालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात त्याच आठवड्यात तोंड दाखवावे, कारण तोंड आखडत जाणे ही कर्करोगाच्या वाटेवरची अवस्था असू शकते. तंबाखू सोडण्यासाठी दूरध्वनीवर समुपदेशन करणारी १८००-११२-३५६ ही निःशुल्क राष्ट्रीय सेवाही आहे.

यापुढची सूचना प्रस्तुत लेखातील सर्वांत महत्त्वाची आहे. निश्चयाचा झटका आला म्हणून एका रात्रीत, खोलीचे दार लावून, सर्व काही बंद करू नका. वर्तमानपत्री उपदेशात ‘आजच सोडा’ हे शब्द शोभून दिसतात; शरीराचे शास्त्र मात्र काहीसे अधिक सबुरीचे आहे. रोज भरपूर दारू घेणाऱ्याने ती एकाएकी थांबवली तर पहिल्या चोवीस तासांत हात थरथरू लागतात, दोन दिवसांच्या आत आकडी येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान क्वचित असा भ्रम उत्पन्न होतो की माणसाला नसलेल्या वस्तू दिसतात, वेळ-काळाचे भान सुटते व प्राणावर बेतते. बटन गोळ्यांचेही तसेच. त्या एकदम बंद केल्यास आकडी येण्याचा धोका असल्याने डॉक्टर त्यांचे प्रमाण काही आठवड्यांत पायरी-पायरीने उतरवतात. गर्द अर्थात ब्राउन शुगर घेणाऱ्यांना जी ‘टर्की’ लागते, म्हणजे जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, हाडे फुटल्यासारख्या कळा, जुलाब, ती असह्य असली तरी सामान्यतः जीव घेत नाही. जीव घेते ती काही आठवड्यांच्या खंडानंतर पूर्वीच्याच मापाने घेतलेली एक पुडी, कारण मधल्या काळात शरीराची सहनशक्ती ओसरलेली असते. एमडी बंद केल्यावर मन इतके खचते की आत्मघाताचे विचार येतात. या सर्वांवर औषधे आहेत, ती स्वस्त आहेत, आणि पुष्कळांना ती घरी किंवा वसतिगृहात राहूनच घेता येतात. फक्त ती कुणी घ्यावी व कुणी दाखल व्हावे हा निवाडा डॉक्टरांचा. आकडी, असंबद्ध बडबड, निळे पडलेले ओठ, मंदावलेला श्वास यांपैकी काहीही दिसले तर मात्र कसलाही विचार न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत रोग्याला कुशीवर निजवावे.

डॉक्टर कुठले, याचे उत्तर या शहरात सोपे आहे. पाणचक्कीजवळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, ज्याला सारा मराठवाडा घाटी म्हणतो, तेथे मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. आणि चिकलठाण्याचे जिल्हा रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडची मिनी घाटी, हे सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीत असल्यामुळे १५ ऑगस्ट २०२३ पासून तेथील तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. घाटीत केस पेपरचे व काही तपासण्यांचे माफक शुल्क पडते. ऐपत असल्यास खासगी मानसोपचारतज्ज्ञही शहरात आहेत. सरकारी रुग्णालयात जाताना सकाळी लवकर पोचावे, केस पेपरच्या खिडकीवर ‘मानसोपचार’ एवढेच सांगावे, आधार कार्ड जवळ ठेवावे, आणि पहिल्याच खेपेस सर्व काही उरकेल या भ्रमात न राहता दुपारपर्यंतचा वेळ मोकळा काढून जावे. रांगेत ओळखीचे कुणी भेटेल ही धास्ती प्रत्येकाला असते. तेथे निद्रानाशाचे, डोकेदुखीचे, फिट्सचे, नैराश्याचे असे सर्व रोगी एकाच बाकावर बसलेले असतात, आणि कोण कशासाठी आले आहे हे कपाळावर लिहिलेले नसते. शिवाय जो ओळखीचा भेटेल तोही तेथे काही सहलीला आलेला नसतो.

आत गेल्यावर डॉक्टर काय विचारतात, हे आधीच ठाऊक असले तर निम्मी भीती जाते. “शेवटचे कधी घेतले? रोज किती लागते? सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का? एखाद्या दिवशी नाहीच मिळाली तर काय होते? कधी आकडी आली होती का? सोबत आणखी काय घेता? झोप लागते का? जगण्याचा कंटाळा आला आहे असे वाटते का?” प्रश्न साधारणतः या धर्तीचे असतात. त्यांची उत्तरे आदल्या रात्री कागदावर लिहून न्यावीत, गोळ्यांची रिकामी पाकिटे असतील तर तीही न्यावीत, आणि प्रमाण निम्म्याने कमी करून सांगण्याचा मोह आवरावा. डॉक्टरांपुढे लपवलेली क्वार्टर औषधाच्या मात्रेत चूक करवते. तेथपर्यंत जाण्याइतके धैर्य आज नसेल, तर प्रथम फोन करावा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्तीविषयक निःशुल्क मदतवाहिनी १४४४६ ही आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व मराठीतून उपलब्ध आहे. १९३३ हा क्रमांकही भित्तिपत्रकांवर दिसतो. तो मुख्यतः अमली पदार्थांच्या विक्रीची खबर अमली पदार्थ नियंत्रण विभागास देण्याकरिता आहे, याची नोंद असू द्यावी.

आता पोलिसांच्या भीतीविषयी. गांजा, गर्द, एमडी यांचे सेवन १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे खरे. पण त्याच कायद्यातील ६४ अ हे कलम असे सांगते की, जो व्यसनी सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगण्याच्या आरोपाखाली असून सरकारी अथवा सरकारमान्य संस्थेत स्वेच्छेने व्यसनमुक्तीचे उपचार घेतो, त्याच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालवला जाणार नाही. उपचार अर्धवट टाकल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते. विकणाऱ्याला ही सवलत नाही, आणि मित्रासाठी म्हणून दोन पुड्या अधिक आणणारा विद्यार्थी कोणत्या बाजूला मोडेल हे सांगता येत नसल्यामुळे, तसले उपकार करू नयेत. दुसरे, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांना आजाराच्या व्याख्येत घेतले असून, रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. आपण सज्ञान असाल तर आपल्या संमतीने आपणच दाखल होऊ शकता, आणि डॉक्टरांनी आपली प्रकृती आपल्या प्राचार्यांना कळवण्याचे काहीएक कारण नाही.

प्राचार्यांना मात्र आपण काहीतरी कळवले पाहिजे, कारण हजेरीची पंच्याहत्तर टक्क्यांची अट आणि शिष्यवृत्ती या दोन गोष्टी परस्पर सांभाळल्या जात नाहीत. येथे विद्यार्थी एकतर सगळे सांगून मोकळा होतो, नाहीतर न सांगता गैरहजर राहतो, आणि नुकसान दोहोंत आहे. मध्यम मार्ग अर्जाचा आहे, आणि त्याचा मसुदा चार ओळींत बसतो: “वैद्यकीय उपचारांसाठी मला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वर्गांना उपस्थित राहता येणार नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. या काळातील अनुपस्थिती सकारण समजून हजेरीच्या अटीत नियमानुसार सवलत मिळावी, ही विनंती.” रोगाचे नाव लिहिण्याची गरज नाही, प्रमाणपत्र देताना ‘उपचाराधीन’ एवढा उल्लेख पुरेसा ठरेल काय, हे डॉक्टरांना विनयपूर्वक विचारावे. अर्ज दोन प्रतींत करावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक विभागातील कारकुनाचा शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊन ती प्रत जपून ठेवावी. सत्राच्या अखेरीस हजेरीची यादी लागते त्या दिवशी तोंडी आश्वासने कुणाला आठवत नाहीत, शिक्का मात्र बोलतो. ज्यांना केवळ बाह्यरुग्ण उपचार घ्यायचे आहेत त्यांना तर एवढेही लागत नाही. पंधरवड्यातून एक सकाळ मोकळी काढली की काम भागते. प्रयोगशाळेचे तास कोणत्या दिवशी असतात हे डॉक्टरांना सांगितल्यास तपासणीची तारीखही त्या बेताने मागून घेता येते.

महाविद्यालयातील एका व्यक्तीला मात्र खरे सांगावे, असे माझे मत आहे. ती व्यक्ती कोण, हे पदावरून ठरवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले आहेत. आपल्या कॉलेजात असा समुपदेशक असेल तर उत्तमच, नसेल तर कार्यालयात लेखी विचारणा करावी. तरीही अनुभव असा की, विद्यार्थ्याचा जीव ज्यांच्याशी मोकळा होतो ते बहुधा राष्ट्रीय सेवा योजनेचे सर, ग्रंथपाल किंवा क्रीडाशिक्षक असतात. त्यांच्याकडून उपचाराची अपेक्षा नाही. ‘आज दवाखान्यात गेला होतास का’ एवढे विचारणारे, आणि चुकवलेल्या प्रात्यक्षिकाची दुसरी तारीख मिळवून देणारे एक माणूस या बाजूला असावे, इतकाच हेतू.

काहींना मात्र दाखल व्हावेच लागते, आणि तेथे निवड डोळसपणे केली पाहिजे. महाराष्ट्रात या कामाला जी दिशा मिळाली तिचे श्रेय पुण्याच्या मुक्तांगणाला आहे. ऐंशीच्या दशकात गर्दने तरुण मुलांना ग्रासले असता अनिल अवचटांनी त्याविषयी लेखन केले, ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी देणगी देऊ केली, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयातील डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी तेथील आवारात हे केंद्र उघडले. मारझोड नाही, बेड्या नाहीत, व्यसनातून बाहेर आलेलेच पुढे तेथे कार्यकर्ते व समुपदेशक होतात, आणि निवासी उपचारांचा काळ पस्तीस दिवसांचा, ही त्याची चौकट. पस्तीस दिवस म्हणजे एका सत्राचा तिसरा हिस्साही नव्हे. विषय राहिला तर तो एटीकेटीत सोडवता येतो, हे तुलनेसाठी ध्यानात घ्यावे.

याउलट रात्री-अपरात्री गाडी पाठवून, चार धटिंगण उतरवून मुलाला उचलून नेणारीही केंद्रे आहेत, आणि हताश आईबाप त्यांना पैसे मोजतात. पालकहो, थोडे थांबा. संमतीवाचून दाखल करण्यासाठी कायद्याने एका मनोविकारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका वैद्यकीय वा मानसिक आरोग्य व्यावसायिकाने मुलाला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते, आणि पहिल्या खेपेस ती मुदत तीस दिवसांहून अधिक नसते. केंद्र पाहायला जाल तेव्हा राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचे नोंदणीपत्र भिंतीवर आहे काय ते पाहा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून कितीदा व कोणत्या वारी येतात हे विचारा, आणि त्या वारी न सांगता पुन्हा जा. मुलाशी फोनवर बोलू देतात काय, शुल्काची पावती देतात काय, मुलांच्या डोक्यावर केस आहेत काय, याकडे लक्ष असू द्या. सक्तीने मुंडण करण्यास आणि साखळीने बांधण्यास कायद्याने मनाई आहे. जेथे सर्वांची डोकी एकसारखी भादरलेली दिसतील तेथून निमूट परत फिरावे.

पालकांना आणखी दोन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर आणि बसस्थानकांच्या खांबांवर आपण पाहतो. त्यांतल्या पुड्यांत काय असते ते विकणाराच जाणे; पण डायसल्फिराम हे दारूविरोधी औषध जर कुणी वरणात मिसळून मुलाला दिले आणि त्यावर तो दारू प्याला, तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणे असा प्रकार होऊन जिवावर बेतू शकते. हे औषध घेणाऱ्याच्या माहितीने आणि संमतीनेच द्यावयाचे असते. दुसरी गोष्ट लग्नाची. ‘दोनाचे चार हात झाले की सुधारेल’ म्हणून एका परक्या घरच्या मुलीला या कामी जुंपणे हा मला शुद्ध अन्याय वाटतो, मग तो कितीही थोर वडीलधाऱ्यांनी सुचवलेला असो. माळेची गोष्ट वेगळी. वारकरी परंपरेत गळ्यात तुळशीची माळ घालून दारू सोडलेली माणसे मराठवाड्याच्या गावोगाव आहेत, आणि पैठण-आळंदीच्या वाटेवर मिळणारी संगत हा फार मोठा आधार आहे. फक्त रोज पिणाऱ्याने माळ घालण्यापूर्वी आठ दिवस औषधोपचार घ्यावेत, म्हणजे व्रताच्या तिसऱ्या दिवशी आकडी येऊन ते मोडण्याची वेळ येणार नाही.

खोलीतल्या मित्राचे काम नाजूक आहे. त्याने उपदेश करू नये, प्रॉक्सी हजेरी लावू नये, उसने पैसे देऊ नयेत, आणि सकाळी, समोरचा शुद्धीत असताना, एकट्याला गाठून ‘मी तुझ्याबरोबर घाटीत येतो, मंगळवारी जाऊ’ असे वार नेमून सांगावे. वार नेमला की गोष्ट हलते. शिवाय त्याने रविवार संध्याकाळ सांभाळावी. आमच्याकडच्या खानावळी रविवारी दुपारी गोडाधोडाचे जेवण देऊन संध्याकाळी बंद असतात, खोलीवर पोरे मोकळी असतात, कुणीतरी ‘बसायचे का?’ म्हणतो, आणि आठवडाभराचा निग्रह त्या एका प्रश्नात वाहून जातो. उपचार सुरू असलेल्याने रविवारचे जेवण, सोबत आणि जागा शनिवारीच ठरवून टाकावी. गावाकडून पैसे येतात तो दिवस, निकालाचा दिवस, स्नेहसंमेलन, विसर्जन आणि एकतीस डिसेंबर यांनाही हाच न्याय. दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या शहरांत भरतात; तेथे फी नाही, आडनाव विचारत नाहीत, आणि विशीतल्या मुलाला पन्नाशीतले लोक आपलीच गोष्ट सांगताना ऐकून जो धक्का बसतो तो कोणत्याही व्याख्यानाने बसत नाही.

विद्यार्थिनींविषयी आपल्याकडे बोललेच जात नाही, आणि म्हणून त्या सर्वांत उशिरा येतात. झोपेच्या गोळ्या, सिगारेट, दारू यांपैकी काहीही असो, स्त्री डॉक्टर हव्यात असे खिडकीवर सांगण्यात संकोच नसावा. दाखल होण्याची वेळ आली तर मुक्तांगणात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. गरोदरपणाची शक्यता असल्यास ती डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावी, कारण त्याने औषधे बदलतात.

आणि एवढे सारे करूनही एके दिवशी पाय घसरतो, ज्याला या वर्तुळातले लोक ‘स्लिप’ म्हणतात. चार महिने कोरडे गेले, अंतर्गत परीक्षा नीट झाली, आणि कुणाच्या तरी वाढदिवसाला एक पेग घेतला गेला. त्या रात्री मनात येते की आता सगळे संपलेच, मग उरलेली बाटली का सोडा. तसे मुळीच संपलेले नसते. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून कुणी त्याचा उपचार व्यर्थ गेला असे म्हणत नाही. उरलेली बाटली त्याच रात्री मोरीत ओतावी, ज्याला खरे सांगितले आहे त्या सरांना किंवा मित्राला फोन करावा, गर्दवाल्याने पूर्वीचे माप पुन्हा घेण्याचा विचारही करू नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तारखेची वाट न पाहता, जुना केस पेपर घेऊन त्याच डॉक्टरांकडे जावे. नवा पेपर काढू नये. जुन्या पेपरवर आधीची औषधे, मात्रा आणि तारखा असतात, त्या पाहून डॉक्टरांचे काम दहा मिनिटांत होते, आणि अकराच्या तासाला वर्गात पोचता येते.